दीड लाख उघडझापी

गिरगावात किंवा लालबागेत वाढलेल्या माणसाच्या कानी ‘शटर’ हा शब्द पडला, की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते दुकानाचे लोखंडी पत्र्याचे दार : सकाळी खडखडाट करीत वर जाणारे, दुपारी मालकाच्या वामकुक्षीपुरते खाली उतरणारे, आणि कोणी ‘बंद’ची हाक दिलीच, तर धड उघडे नाही, धड मिटलेले नाही अशा अर्धवट स्थितीत लोंबकळत राहून मालकाच्या मनातील द्विधा भाव रस्त्याला दाखविणारे. छायाचित्रकाराच्या यंत्रातील शटर हे याच कुळातले, नामसादृश्याने आणि कर्तव्यानेही. कारण उघडणे आणि मिटणे यापलीकडे त्यालाही दुसरा धर्म नाही. फरक आहे तो कालमानाचा. दिवसातून दोनदा उघडणाऱ्या दुकानी शटराला दीड लाखाचा आकडा गाठावयाचा झाला, तर दोनशे पाच वर्षे लागतील. म्हणजे १८१८ साली, पेशवाई बुडाली त्या वर्षी उघडलेले दुकान अलीकडे कुठे त्या आकड्याला पोचले असते. तेच दीड लाख, सेकंदाला दहा छायाचित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बोट न उचलता टिपत राहावयाचे ठरविले, तर चार तास आणि दहा मिनिटांत संपतात. मनुष्य वर्षांनी म्हातारा होतो, हे यंत्र कृतींनी म्हातारे होते; आणि म्हणून त्याच्या वयाची चौकशी करावयाची तर जन्मतारीख विचारून भागत नाही, त्याची खातेवही पाहावी लागते.

या शहरात छायाचित्रणाची कला आली तेव्हा शटर नावाची वस्तूच नव्हती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात छायाचित्रणाचा वर्ग निघाला, त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामणी यांच्यासारखा व्यावसायिक तयार झाला, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी या नव्या विद्येत नाव मिळविले. परंतु या सर्व मंडळींचे शटर म्हणजे त्यांचा स्वतःचा उजवा हात होता. भिंगावरचे टोपण काढावयाचे, मनातल्या मनात आकडे मोजावयाचे आणि टोपण परत लावावयाचे. काचेवरील रसायन इतके मंद होते, की अर्ध्या सेकंदाची चूक त्याच्या खिजगणतीत नसे. रसायने जसजशी चपळ झाली तसतसा मनुष्याचा हात अपुरा पडू लागला, आणि ते काम प्रथम फिरत्या कापडी पडद्याकडे, मग कमानीच्या बळावर चालणाऱ्या धातूच्या पात्यांकडे सोपविले गेले.

दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, आणि दादरच्या ज्या मार्गाला आज त्यांचे नाव आहे तेथे त्यांनी आपली चित्रशाळा थाटली. कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थांबून थांबून, एकेक चौकट टिपून त्यांनी पडद्यावर दाखविली, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता, आणि फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात. तेव्हा तयार चित्रपटापुरतेच बोलावयाचे तरी त्या कॅमेऱ्याचे झाकण साठ हजारांच्या आसपास वेळा उघडून मिटले होते. आजच्या लग्नसमारंभांच्या छायाचित्रकाराचा कॅमेरा साठ हजारांवर आला, की त्याचा मालक तो विकण्याच्या गोष्टी बोलू लागतो. फाळक्यांच्या यंत्राला तशी ददात नव्हती, याचे कारण उघड आहे. त्या कॅमेऱ्यातले शटर म्हणजे खाच पाडलेली एक गोल चकती, हातांनी दांडा फिरवावा तशी एका लयीत फिरत राहणारी. तिला मध्येच थांबावे लागत नसे. झिजविते ती गती नव्हे. झिजवितो तो आरंभ आणि अंत, स्तब्धतेतून एकदम धावणे आणि धावता धावता एकदम स्तब्ध होणे.

नेमके हेच आजच्या कॅमेऱ्यातील शटराच्या नशिबी आहे. त्याचे दोन पडदे असतात, आणि प्रत्येक पडदा तीन-चार अतिशय पातळ पात्यांचा, पत्त्यांच्या जुडीसारखा दुमडणारा. आपण कळ दाबतो तेव्हा आरशाच्या कॅमेऱ्यात आधी आरसा वर उचलला जातो, मग पहिला पडदा सरकून संवेदकाची खिडकी उघडतो, आणि ठरलेला काळ लोटताच दुसरा पडदा त्याच दिशेने धावत येऊन ती मिटतो. फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक घेतला तर खिडकीची उंची २४ मिलिमीटर असते, आणि ती ओलांडावयास पडद्याला सेकंदाचे सुमारे तीन ते चार सहस्रांश लागतात. सेकंदाच्या आठ हजारांश एवढ्या अल्प काळाचे छायाचित्र घ्यावयाचे, तर पडदा त्याहून वेगाने धावत नाही. पहिल्याच्या पाठोपाठ दुसरा इतका लगट करून निघतो, की दोघांमध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट उरते आणि ती फट संवेदकावरून झाडू फिरवावा तशी फिरत जाते. पडद्याचा सरासरी वेग काढला तर ताशी वीस-तीस किलोमीटर भरतो. लालबागच्या रस्त्यावरून संध्याकाळी जाणाऱ्या बेस्टच्या बसला तो क्वचितच लाभत असेल. आणि हा वेग धरून, लगेच सोडून, अंगठ्याच्या पेराएवढ्या अंतरात पात्यांना पुन्हा निश्चल व्हावे लागते. त्यांना अडविण्यासाठी रबराची उशी आणि रोधक असतात, पात्यांना बाहूंशी जोडणारे टाचणीच्या टोकाएवढे रिवेट असतात, ओढणाऱ्या कमानी असतात आणि वेळेवर सोडणारे विद्युत्चुंबक असतात. या सर्वांचा क्षय एकाच गतीने होत नाही, परंतु त्यांतील एकाने मान टाकली तरी बाकीचे निरुपयोगी ठरतात.

गिरणगावातील जुन्या विणकराला हे प्रकरण समजावून सांगावयास फार वेळ लागणार नाही. गिरणीत मागाला ‘साचा’ म्हणत, आणि साच्यातला धोटा हा शटराचा सख्खा भाऊ शोभावा असा होता. एका बाजूने दांड्याचा फटका बसावयाचा, धोट्याने ताण्यातून सुसाट पलीकडे जावयाचे, तेथील पेटीत आदळून थांबावयाचे, आणि पुन्हा उलट फटका खावयाचा. मिनिटाला दोनशेच्या घरात फेऱ्या करणाऱ्या साच्यावर दीड लाख फेऱ्या साडेबारा तासांत होत. धोटा फिरून फिरून झिजत नसे, आदळून आदळून झिजे. आणि किती फेऱ्या झाल्या याचा हिशेब ठेवणारे गणकयंत्र मागावर असे, कारण कापडाची मजुरी त्या आकड्याशी बांधलेली होती. कॅमेऱ्याच्या व्यवहारात ज्याला ‘शटर काउंट’ म्हणतात, तो हाच हिशेब.

कारखानदार या हिशेबाची जी अपेक्षित मर्यादा जाहीर करतात, ती साध्या कॅमेऱ्याला साधारणतः एक लाखाची असते. कॅननच्या २००८ सालच्या ५डी मार्क टू या लोकप्रिय कॅमेऱ्याला ती दीड लाखाची होती, निकॉनच्या २०१७ सालच्या डी८५०ला दोन लाखांची, आणि क्रीडांगणावर राबणाऱ्या कॅननच्याच वन-डीएक्स मार्क थ्रीसारख्या २०२० सालच्या दणकट यंत्राला पाच लाखांची. फिल्मच्या काळाशी ताडून पाहिले म्हणजे हे आकडे किती थोर आहेत ते कळते. छत्तीस चित्रांचा एक रोळ धरला, तर दीड लाख म्हणजे चार हजारांहून अधिक रोळ. ज्या मध्यमवर्गीय घरात आगफा क्लिक थ्रीमधला बारा चित्रांचा रोळ गणपतीत भरला जाई आणि शिमग्यापर्यंत पुरविला जाई, तेथे अशा शटराला पणतूच्या पणतूनेही निवृत्त केले नसते.

परंतु हा आकडा म्हणजे हमीचा दस्तऐवज नव्हे, आणि येथेच सामान्य ग्राहकाची फसगत होते. आयुर्विम्याच्या कोष्टकावरून अमुक वयाच्या हजार माणसांपैकी किती जण पुढील वर्ष पाहतील हे सांगता येते. त्यांतला आपला शेजारी कोणत्या रांगेत आहे, हे त्या कोष्टकाला विचारून उपयोग नाही. दीड लाखाचे शटर वीस हजारांवर राम म्हणते आणि त्याचे जुळे भावंड तीन लाखांनंतरही कुरकुरत नाही, असे घडते, आणि दोन्ही घटना त्या आकड्याशी सुसंगत असतात. निकॉनचा डी६०० हा कॅमेरा २०१२ साली बाजारात आला, आणि त्याच्या अगदी कोवळ्या शटरांतून संवेदकावर ठिपके पडू लागले. वर्षभरात डी६१० आला, नव्या शटरासह. आणि २०१४ साली कंपनीने हमीची मुदत संपलेली असली तरी डी६०० तपासून त्याचे शटर मोफत बदलून देण्याचे जाहीर केले. बालरोग यंत्रांनाही असतात.

मी स्वतः एकदा सेकंडहँड कॅमेरा घ्यावयास निघालो होतो. विकणाऱ्या गृहस्थाने मोठ्या सौजन्याने एक चित्र काढून त्याचा क्रमांक दाखविला, तो दोन हजार तीनशेच्या आसपास होता, आणि ‘नवाच आहे, साहेब’ असा निर्वाळा दिला. फोर्टातील बोरा बाजाराच्या बाजूला एका माडीवर बसणाऱ्या दुरुस्तीच्या कारागिराला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा तो हातातला चिमटा खाली ठेवून हसला. चित्राच्या नावातला क्रमांक ९९९९ झाला, की पुन्हा एकपासून सुरू होतो. बारा हजार तीनशे, बावन्न हजार तीनशे आणि एक लाख बावीस हजार तीनशे यांचा दाखला तो एकच देतो. खरा आकडा पाहावयाचा तर निकॉनसारख्या कॅमेऱ्यात तो प्रत्येक चित्राच्या पोटात लपविलेल्या माहितीत सापडतो. कॅननच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तो चित्रात नसतो, निराळ्या सॉफ्टवेअरने यंत्रालाच विचारावा लागतो. शटर नवे बसविले असेल, तर जुना आकडा तसाच पुढे चालू राहिलेला असू शकतो. सबब दुरुस्तीची पावती मागावी. आणि आकडा पाहून झाल्यावर, कारागीर म्हणाला, सर्वांत जलद वेगावर पांढऱ्या भिंतीची पाचपन्नास चित्रे काढून पाहावी. शटराचा पाय जड झाला असेल, तर एका कडेला काळसर पट्टा उमटतो, कारण ती एक मिलिमीटरची फट सांभाळणे दुखऱ्या पात्यांना प्रथम अशक्य होते.

मग मी त्याला सहज विचारले, की जास्त चाललेला कॅमेरा घ्यावा की कमी चाललेला. “चाललेला कुठे, ते विचारा,” तो म्हणाला.

या उत्तराचा अर्थ परळ-लालबागच्या रस्त्यावर कळतो. १९२० सालचा चिंचपोकळीचा चिंतामणी, १९२८ची गणेश गल्ली, १९३४चा लालबागचा राजा : या मंडळांच्या आगमन-विसर्जनाच्या मिरवणुकांत शेकडो छायाचित्रकार दुभाजकावर, गॅलरीत, एकमेकांच्या खांद्यांवर उभे असतात, आणि एका दुपारी दोन-तीन हजार चित्रे टिपणारा त्यांत विरळा नसतो. त्या हिशेबाने दीड लाख म्हणजे अशा पन्नास-पाऊणशे दुपारी. पण त्या दुपारचा खरा भार आकड्याचा नसतो, गुलालाचा असतो. तो वाऱ्याबरोबर येतो, घामाने चिकटतो, आणि कोणी उतावळेपणाने त्या गर्दीतच भिंग बदलावयास घेतले, की एखाद्या निमिषात आरशाच्या कोठडीत शिरून पात्यांच्या सांध्यांत जाऊन बसतो. तेथून पुढे गिरगावच्या चौपाटीवर विसर्जनाच्या रात्री समुद्राचा खारा दमट वारा त्याच्या सोबतीला असतोच. घरी परतून रबरी फुंकणीने हलकेच वारा घालण्याऐवजी काही उत्साही माणसे दाबलेल्या हवेचा डबा रोखतात, किंवा संवेदक पुसताना पात्यांना बोट लावतात; आयुष्यभर गुलाल खाऊन जे मेले नसते ते शटर या शुश्रूषेने मरते.

याउलट कपाटात जपून ठेवलेला कॅमेरा निर्धोक असतो असेही नाही. काही जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत पात्यांना अडविणारी स्पंजासारखी उशी वयोमानाने विरघळून डांबरासारखी चिकट झाली आणि पात्यांवर पसरली. त्या कॅमेऱ्यांनी फार थोडी चित्रे काढली होती, तरी शटर जागीच खिळले. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यांची कैफियत निराळी : भिंग उघडे टाकून मावळतीच्या सूर्याकडे तोंड करून ठेवला, तर भिंगातून एकवटलेले ऊन पडद्याला भोक पाडी. पश्चिमेला समुद्र असलेल्या या शहरात त्याला कारण शोधावे लागत नसे.

आता मात्र शटरच निवृत्तीच्या वाटेवर आहे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत खिडकी सदैव उघडी असते, म्हणून पूर्ण यांत्रिक पद्धतीने एक चित्र घ्यावयाचे तर तिला आधी मिटावे लागते, मग उघडावे, मग मिटावे आणि पुन्हा उघडावे लागते. हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी पहिल्या पडद्याचे काम संवेदकाकडेच सोपविण्याची युक्ती निघाली. २०२१ सालच्या निकॉन झेड ९ने यांत्रिक शटराला पूर्णच रजा दिली. गिरण्यांत धोट्याविना चालणारे माग आले तेव्हा खात्यात जशी शांतता पसरली असेल, तशी काहीशी ही शांतता आहे. परंतु संवेदक ओळीओळीने वाचला जातो, आणि त्यास जितका वेळ लागतो तितक्या वेळात ढोलपथकातील टिपरू आपली जागा बदलते. मंद संवेदकाच्या कॅमेऱ्यात ते चित्रात केळीच्या पानासारखे वाकलेले येते, आणि मंडपाच्या एलईडी रोषणाईत बाप्पांच्या मुखावर आडवे पट्टे उमटतात. सोनीने २०२३ साली सर्व ओळी एकाच क्षणी टिपणारा ए९ थ्री जाहीर करून या दोषावरही तोड काढली. तो सर्वांच्या खिशाला परवडेपर्यंत माडीवरच्या त्या कारागिराला काम आहे.

त्या दिवशी निघताना त्याने मला एक पत्र्याची डबी उघडून दाखविली. तीत बदललेल्या शटरांची पाती होती, माशाच्या खवल्यांसारखी पातळ, कोठे दुमडलेली, कोठे कडेला चीर गेलेली. त्यांतले एक त्याने चिमट्याने उचलून दिव्यापुढे धरले. काळ्या पात्याच्या रिवेटभोवती गुलाबी रंगाचे एक बारीक वर्तुळ होते. “हे भाद्रपदातले,” तो म्हणाला, आणि डबी मिटली.