बॅबिलॉनमध्ये हत्ती हवेतच!

एका तिकिटात किती सिनेमे? अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘इंटॉलरन्स’मध्ये चार! बॅबिलॉनचा पाडाव, येशूची कथा, १५७२ साली पॅरिसमध्ये झालेली प्रोटेस्टंटांची कत्तल आणि अमेरिकेतल्या एका गरीब जोडप्याची फरफट. बरं, एक संपली की दुसरी, असंही नाही. चारही कथांची वेणी घातलेली, मधूनमधून पाळणा हलवणारी अभिनेत्री लिलियन गिश, आणि हा सगळा मामला तीन तासांच्या वर. ५ सप्टेंबर १९१६ ला न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरात सिनेमा लागला. भव्यता पाहून लोक थक्क झाले, पण अनेकांना कथेचा पत्ताच लागेना.

भव्यतेचा मानकरी अर्थातच बॅबिलॉनचा सेट. ‘कबीरिया’ या इटालियन भव्यपटानं ग्रिफिथवर अशी भुरळ घातली होती की त्याला सेटवर हत्तींचे पुतळे हवेच होते. जोसेफ हेनबेरी या सहायकानं पुस्तकं पालथी घातली. बॅबिलॉनमध्ये हत्तींना आधार काही सापडेना. साहेब ढिम्म! शेवटी हत्ती चढले, तेही खांबांवर, मागच्या पायांवर उभे. (हेनबेरी याच सिनेमात फ्रेंच अ‍ॅडमिरल कोलिन्यी म्हणूनही दिसतो. सहायकाला आराम कुठला?) २००१ साली हॉलिवूडमधल्या एका मॉलनं या हत्तींच्या प्रतिकृती उभारल्या. पुढे त्या काढल्या, कारण ग्रिफिथच्या आधीच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मधला वर्णद्वेष.

खर्च वीस लाख डॉलर झाल्याची आवई बरीच वर्षं चालली. हिशेबाच्या वह्यांत आकडा चार लाखांच्याही आतला निघाला.

सुरुवातीची गर्दी मात्र ओसरली. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. सिनेमातला शांततेचा उपदेश ऐकायला कोण थांबणार? रशियात मात्र पुढे दिग्दर्शक झालेला पुदोव्किन हा सिनेमा पाहून चित्रपटाकडे वळला. तिथल्याच दिग्दर्शक आयझेनस्टाइननं संकलनाला दाद दिली, पण चार गोष्टी एकजीव होत नाहीत, हेही सुनावलं. विनोदवीर बस्टर कीटननं तर १९२३ मध्ये ‘थ्री एजेस’ काढून या मांडणीची मनसोक्त फिरकी घेतली.

ग्रिफिथही हिशेबी निघाला. १९१९ मध्ये त्यानं बॅबिलॉनची गोष्ट सुटी करून वेगळा सिनेमा म्हणून विकली. या गोष्टीतली, मूळ सिनेमात लढताना मेलेली पहाडी मुलगी या खेपेला चक्क वाचली, वर तिला प्रियकरही मिळाला!