आलापल्लीहून पुढे

हिवाळा लागला की आमच्या आलापल्लीच्या चौकात पुण्या-मुंबईकडच्या गाड्या दिसायला लागतात. सगळ्यांना हेमलकशाला जायचं असतं. चहा पिताना प्रश्न ठरलेला: इथून किती वेळ लागेल आणि रात्री मुक्कामाला चंद्रपूर गाठता येईल का? हेमलकशापर्यंत साठेक किलोमीटरचा रस्ता आहे, पोचाल. दवाखान्यासमोरून एक चक्कर, बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी दहा मिनिटं, आमटे कुटुंबातलं कुणी भेटलं तर एक फोटो, की गाडी माघारी. माझी सगळी नोकरी याच तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गेली, निवृत्तीनंतरही मी इथेच राहिले. या मंडळींना मी कळकळीनं एकच सांगते, चार दिवस काढून या. हेमलकसा बघाच. पण त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांना खुल्या अशा कितीतरी जागा आहेत. त्या न बघता परतलात तर आमटे नेमके इथेच का येऊन राहिले, हे कळायचं राहून जाईल.

आमचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि त्यातलं बहुतेक जंगल. रेल्वेनं येणाऱ्यांनी बल्लारशाला उतरावं. तिथून गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. आधी वरोऱ्याला आनंदवन पाहून निघालात तर बाबा आमट्यांची वाट आपोआप उलगडते: १९४९ चं आनंदवन, मग मूलजवळचं १९६७ चं सोमनाथ, आणि शेवटी १९७३ चं हेमलकसा. ताडोबाबद्दल मी इथे लिहीत नाही. १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे, त्याची माहिती कुठेही मिळते. फक्त मंगळवारी ते बंद असतं, एवढं ध्यानात ठेवून आखणी करा.

आलापल्ली सोडून भामरागडच्या रस्त्याला लागलं की पंधरा-सोळा किलोमीटरवर वनखात्याचा फलक येतो. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’, आम्ही त्याला वनवैभव म्हणतो. निम्म्याहून जास्त गाड्या इथे वेगही कमी करत नाहीत. सहाच हेक्टरचा तुकडा आहे, पण १९५३ पासून तो नैसर्गिक जंगल म्हणून राखलेला आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. राज्यातलं हे पहिलं. आलापल्लीचं सागवान इंग्रजांच्या काळापासून नावाजलेलं. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये जे लाकूड बल्लारपूरच्या डेपोतून वाजतगाजत निघालं, ते याच पट्ट्यातलं. इतकी वर्षं लाकूड देत आलेल्या मुलखात एवढासा तुकडा कुणीतरी न तोडता ठेवला, याचं मला फार अप्रूप आहे. आत शिरा आणि मान वर करून बघा. दोघातिघांनी हात धरल्याशिवाय कवेत येणार नाहीत असे साग सरळ वर गेलेले आहेत. त्यांच्यात ऐन आहे, बांबू आहे, झाडांना विळखे घालून चढलेल्या जाडजूड वेली आहेत. सोबत लहान मुलं असतील तर पावसाळ्यानंतर सागाचं कोवळं पान त्यांच्या हातात द्या आणि चोळायला सांगा. बोटं लालभडक होतात. माझ्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत हीच मेंदी लावून यायच्या. पान मात्र वनवैभवातलं तोडायचं नाही, रस्त्याकडेच्या रोपाचं घ्यायचं.

आता हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे इथे राहायला आले. दोघंही डॉक्टर, नवीन लग्न, राहायला झोपडी. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही. इथले माडिया आदिवासी परक्या माणसाला पाहून जंगलात पळून जायचे. ज्यांची भाषा येत नाही त्यांना तपासायचं कसं? म्हणून आधी ती शिकून घेतली. सुरुवातीचा दवाखाना झाडाखालीच भरायचा. आज तिथे मोठं रुग्णालय आहे आणि इंद्रावतीपलीकडून, छत्तीसगडातूनही लोक पेशंट घेऊन येतात. १९७६ ला आश्रमशाळा सुरू झाली. तिथे शिकलेली माडिया मुलं पुढे डॉक्टर झाली, वकील झाली, शिक्षक झाली. मी स्वतः याच भागात शिकवलं आहे, म्हणून सांगते. घरात माडिया बोलणाऱ्या मुलासमोर पहिल्याच दिवशी मराठीचं पुस्तक ठेवलं तर ते नुसतं बघत बसतं. त्या मुलाला वकिलीपर्यंत नेणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला एका फेरीत दिसत नाही. आधी परवानगी घेऊन शाळा जरूर बघा, मुलांशी बोला.

प्राण्यांच्या अनाथालयाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. शिकारीहून परतणारे माडिया मारलेली माकडीण घेऊन चालले होते आणि तिला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं. प्रकाशभाऊंनी ते मागून घेतलं. पुढे गावागावांत निरोप गेला: पिल्लू सापडलं तर मारू नका, आणून द्या, बदल्यात धान्य मिळेल. उपाशी माणसाला ‘शिकार करू नको’ असा उपदेश त्यांनी केला नाही, पोटाचं बघितलं, म्हणून माणसं ऐकती झाली. बिबटे, अस्वलं, तरस, साळिंदर, मगरी असा मोठा परिवार त्यातून जमला. विलास मनोहरांनी ‘नेगल’मध्ये इथल्या बिबट्याबद्दल लिहिलं आहे, येण्याआधी ते वाचून या. १९९५ मध्ये मोनॅकोनं या दांपत्यावर टपाल तिकीट काढलं, २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं, २०१४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला आणि गर्दी वाढली. गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. पण दवाखान्याच्या आवारात आजारी माणसाचे, अंगावर गोंदण असलेल्या म्हाताऱ्या बाईचे न विचारता फोटो काढतात, ते मला सहन होत नाही. त्या बाईला घरी नात आहे, सून आहे. तुमच्या आजीचा असा फोटो कुणी काढलेला तुम्हाला चालेल का?

हेमलकशाहून भामरागड तीन किलोमीटर. इथे पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी कमी असतं, वाळूत उतरता येतं आणि समोरच्या काठावर छत्तीसगड दिसतं. हेच पाणी पावसाळ्यात गावात शिरतं. पर्लकोटा पुलावरून वाहायला लागली की भामरागडचा बाकी जगाशी संबंध तुटायचा, तोही तासा-दोन तासांपुरता नव्हे. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ यायला उत्तम, आणि मोहफुलं पडताना बघायची असतील तर मार्चअखेर. पहाटे टोपल्या घेऊन अख्खं घर मोहाखाली वेचायला बसलेलं दिसेल. आठवडी बाजार सापडला तर सोडू नका. मोहफुलं, चारोळी, सुकी मासळी मांडून बसलेल्या बायकांकडून काहीतरी विकत घ्या, आणि घासाघीस करू नका.

नक्षलवाद्यांच्या भीतीबद्दल विचारतात, तेही सांगते. आम्ही इथे वाईट वर्षं पाहिली आहेत, दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलेली गावं पाहिली आहेत, ते हलक्यानं घेण्यासारखं नाही. पण दिवस बदलत आहेत. १ जानेवारी २०२५ ला एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा-वांगेतुरी भागात पहिल्यांदा एसटी धावली. शहरातल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. बाजाराला आणि दवाखान्यात पायी जाण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना विचारा. तुम्ही एवढंच करा: दिवसा प्रवास करा, मुख्य रस्ता सोडून आडवाटेला जाण्याआधी गावात विचारा, आलापल्लीला पेट्रोल भरून घ्या आणि पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. एटापल्लीच्या बाजूला लोहखनिजाचे ट्रक फार, तिकडे गाडी जपून चालवा.

दुसऱ्या दिवशी आलापल्लीला परतून सिरोंच्याच्या रस्त्याला लागा. रेपनपल्लीवरून आत कमलापूर. इथे वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे, महाराष्ट्रातला एकमेव. पूर्वी तोडलेली लाकडं ओढून आणायला हत्ती ठेवायचे, ते काम आता राहिलेलं नाही. मंगला, बसंती, रूपा, अजित अशी नावं असलेली ही मंडळी आता तलावाकाठी राहतात. २०२२ मध्ये इथले हत्ती गुजरातला न्यायचं घाटत होतं तेव्हा आसपासच्या गावांनी विरोध केला. ते बरोबरच होतं. आमच्या पोरांनी हत्ती बघायला कुठे जायचं? सकाळी लवकर गेलात तर माहुतांचं काम बघायला मिळेल. मी एकाला विचारलं, “दादा, रात्रभर मोकळे सोडता, मग सकाळी सापडतात कसे?” तो म्हणाला, “साखळी ओढत जाते ना जी ते. मातीत तिची रेघ उमटते. त्या रेघेनं जातो आमी, कदी जवळच भेटते, कदी मैलभर चालाव लागते.” मग त्यानं मला ती रेघ दाखवली. धुळीत नागमोडी ओळ, मध्येच गवतात हरवलेली, पुढे मोडलेल्या बांबूपाशी पुन्हा सुरू झालेली. हिवाळ्यात या हत्तींना काही दिवस सुट्टी असते. तेव्हा जडीबुटी उकळून त्या गरम लेपानं त्यांचे तळपाय शेकतात. इकडे त्याला चोपिंग म्हणतात. त्या दिवसांत पर्यटकांना मनाई असते, म्हणून आधी वनखात्याकडे चौकशी करून निघा. याच भागात कोलामार्काचं राखीव क्षेत्र आहे, २०१३ पासून रानम्हशींसाठी राखलेलं. म्हशी सहसा दिसत नाहीत.

सिरोंचा म्हणजे जिल्ह्याचं दक्षिण टोक. बाजारात तेलुगू जास्त ऐकू येते, जेवणात भात आणि आंबट पप्पू, म्हणजे वरण. जवळच्या वडधमला जीवाश्म उद्यान आहे. पहिल्यांदा बघताना पावसात भिजलेलं सरपण कुणी टाकून दिलंय असं वाटतं. हात लावला की कळतं, हा दगड आहे. सालीच्या रेषा जशाच्या तशा, पण सगळं झाड दगडाचं झालेलं, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. प्राणहितेकाठच्या कोटा या गावावरून इथल्या खडकांना जगभरचे भूशास्त्रज्ञ कोटा खडक म्हणून ओळखतात. याच खडकांतून १९६० च्या आगेमागे एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडं निघाली. १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, म्हणून त्याच्या नावात टागोर आले: बारापासॉरस टागोराय. त्याचा जोडलेला सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आपल्या पायाखाली निघालेलं जनावर बघायला सिरोंच्याच्या पोरांना कोलकात्याला जावं लागतं, याचं मला दुःख आहे. निदान त्याची एक चांगली प्रतिकृती वडधमला मोकळ्यावर उभी राहावी, असं मला फार वाटतं.

सिरोंच्यालगत प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणातलं काळेश्वर. आणखी एक दिवस हाताशी असेल तर सोमनूरला जा. भामरागडला पाहिलेली इंद्रावती छत्तीसगडच्या सीमेनं वाहत येऊन तिथे गोदावरीत शिरते. एकच नदी दोन टोकांना बघितली की या जिल्ह्याचा पसारा नकाशाविना समजतो.

परतताना चामोर्शीवरून मार्कंडादेव करा. वैनगंगा इथे वळून उत्तरेकडे वाहते आणि काठावर नवव्या ते बाराव्या शतकाच्या दरम्यानच्या देवळांचा समूह आहे. हीच वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. १८७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम इथे येऊन गेला, त्याच्याही आधी वीज पडून मुख्य देवळाचं शिखर ढासळलेलं होतं. भिंतींवरचं कोरीवकाम इतकं दाट आहे की लोक याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा, माणसं बघायची असतील तर त्याच दिवशी या.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर मेंढा (लेखा) आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. २००९ मध्ये त्यांनी आपल्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. गाव हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. ग्रामसभेला आधी कळवून, त्यांना सवड असेल तेव्हाच जावं.

आणि दिवाळी ते होळीच्या दरम्यान आलात तर शेवटची रात्र वडशाला ठेवा. झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांची कार्यालयं इथे रांगेनं आहेत. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. कुठल्या गावात कुठलं नाटक आहे ते तिथल्या पोस्टरवरून कळतं. जेवणं झाल्यावर, रात्री नऊ-दहाला नाटक सुरू होतं. मंडपात आयाबाया, कडेवरची पोरं, लेकीजावयाकडे आलेले पाहुणे, सगळे तिकीट काढून बसलेले असतात. जाड चादर आणि कानटोपी बरोबर असू द्या, धानाच्या बांध्यांमध्ये मध्यरात्रीनंतर थंडी मरणाची पडते. पडदा पडेपर्यंत उजाडतं. वडशाचं स्टेशन गोंदिया-बल्लारशा मार्गावर आहे, तिथून दोन्ही बाजूंना गाड्या मिळतात.