जुने ध्वनिक्षेपक : घ्यावे कीं न घ्यावे ?

घरांतील जुनी वस्तु विकतांना माणूस हळहळतो. तीच परत विकत घेण्याची वेळ आली म्हणजे मात्र तो गोंधळतो. आमच्या कोऱ्हाळे बुद्रुक येथील घरीं गेल्या चैत्रांत असाच प्रसंग आला, म्हणून या विषयावर चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

आमच्या वडील बंधूंनीं १९७४ सालीं पुण्याहून लांकडी पेट्यांचे दोन ध्वनिक्षेपक आणले होते. (घरोघर आतां त्यांस स्पीकरच म्हणतात, तेव्हां आम्हीहि तसेंच म्हणूं.) १९९१ सालीं थोरल्या मुलीचें लग्न निघालें, आणि ते नीरा गांवच्या एका गृहस्थांस विकावे लागले. बंधु आज हयात नाहींत. त्या गृहस्थांनीं घर आवरावयास काढलें, तेव्हां ‘जोडी आठ हजारांस देऊं’ असा निरोप आला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पण त्याच दिवशीं माजघरांतील ट्रंक हलवून त्यांनीं जागा मोकळी केली.

आतां अशी वस्तु घेण्याजोगी आहे कीं नाहीं हें ठरवावें कसें ? स्पीकरची रचना गेल्या शंभर वर्षांत मुळांतून बदललेली नाहीं. अमेरिकेंत चेस्टर राईस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं जी मांडणी प्रसिद्ध केली, तीच आजहि चालते. लोहचुंबकाच्या अरुंद फटींत तारेचें वेटोळें असतें, त्यास कागदाचा शंकु जोडलेला असतो, आणि विद्युत्प्रवाह बदलेल तसा शंकु मागेंपुढें होऊन हवा हलवितो. भाग इतके थोडे आहेत म्हणूनच पन्नास वर्षांची वस्तुहि पुन्हा बोलती होऊं शकते.

प्रथम शंकूची कड पाहावी. कागदाची किंवा कापडाची कड पुष्कळ टिकते. उंदीर व कसर यांचेंच काय तें भय. १९७० नंतरच्या अनेक स्पीकरांस फोमची कड असते, आणि ती न वापरतांहि पंधरावीस वर्षांत पिठासारखी गळूं लागते. आमच्याकडे कालव्याचें पाणी आणि चहूंकडे ऊस, त्यामुळें दमटपणाहि आहेच. परंतु नुसती कड गळली म्हणून सौदा सोडूं नये. नवी कड चिकटवितां येते, आणि तेवढ्या कारणानें किंमत उतरत असेल तर घेणाऱ्याचेंच बरें.

खरा जीव वेटोळ्यांत. मीटर लावून पाहावा. आठ ओमच्या स्पीकरवर सहाच्या आसपास आंकडा यावा. मुळींच कांहीं न आल्यास वेटोळें तुटलें असेल, किंवा शंकूजवळची लवचिक तार निसटली असेल. दुसरें असल्यास अर्ध्या तासाच्या डांकानें काम भागतें. नंतर दोन्ही हातांचीं बोटें शंकूवर सारखीं टेकवून तो हलकेच दाबावा व कान लावावा. खरखर आली कीं वेटोळें फटींत घांसत आहे असें समजावें.

येथें आम्ही एकदां फसलों आहों. एका दुकानदारानें ढोलताशांची ध्वनिमुद्रिका मोठ्यानें लावून दाखविली, आणि आम्ही मान डोलावून पैसे मोजले. घरीं येऊन तंबोरा लावतांच सारी खरखर उघडी पडली ! तेव्हां स्पीकर ऐकावयाचा तो मंद आवाजांत आणि एकट्या गळ्यावर.

लोहचुंबक सहसा दगा देत नाहीं. पेटी आपटली असेल तर मात्र तो सरकतो. जुन्या बाजारांतले विक्रेते ‘अल्निको’ हा शब्द मंत्रासारखा उच्चारतात. १९७८ च्या सुमारास झैरेंतील धामधुमीमुळें कोबाल्ट महागलें आणि कारखानदार फेराइटकडे वळले, म्हणून तो चुंबक जुना खरा. पण घांसणारें वेटोळें त्यानें सुधारत नाहीं.

मीटर व पुतण्या यांस घेऊन आम्ही नीरेस गेलों. डावा स्पीकर निर्दोष होता. उजवा घांसत होता. परत येऊन वहिनींस हिशेब सांगितला : “दुरुस्तीसुद्धां एवढ्या पैशांत नवी, हमी असलेली साधी जोडी येईल. केवळ आवाजासाठीं हा सौदा करूं नये.”

त्या म्हणाल्या, “आवाजासाठींच घ्यायचे तर खुशाल नवे आणा, भावोजी. मग मला विचारायचं कशाला ?”

याला आमच्या मीटरपाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं उजव्या पेटीचा दोष त्या गृहस्थांस ऐकवून साडेपांच हजारांस जोडी आणली. पुण्याच्या कारागिरानें अठराशें रुपयांत उजव्यास नवें वेटोळें व नवा शंकु बसविला, आणि दोन्ही पेट्यांतील वाळलेले कपॅसिटरहि बदलले.

नव्या शंकूचा स्वर किंचित् कठोर येतो. महिना दोन महिन्यांत तो मवाळ होईल असें कारागीर म्हणाला होता. अद्याप झालेला नाहीं. वहिनी सकाळीं निवडणें-टिपणें घेऊन बसतात त्या डाव्या पेटीजवळ.