फाशी, सुटका आणि मधला अर्धा तास

एखाद्या खुनाच्या खटल्यात फाशीची बातमी आली की कॉलेजच्या ग्रुपवर आधी टाळ्यांच्या इमोजी येतात आणि दोन दिवसांनी ठरलेला मेसेज: 'आता वीस वर्षं आपल्या टॅक्सच्या पैशातून बिर्याणी खाणार!' (कसाबच्या बिर्याणीची गोष्ट आपणच रचली होती, असं खुद्द सरकारी वकिलांनी २०१५ मध्ये सांगून टाकलं. मेसेज मात्र अजून फिरतोच आहे.)

बिर्याणीचं सोडा. पण एवढी वर्षं लागतात कशाला, हा प्रश्न काही चुकीचा नाही.

काही वेळा ती खरंच वाया जातात. कोल्हापूरच्या दोन बहिणींचा खटला घरातल्या मोठ्यांना विचारा, अजून आठवत असेल. लहान मुलं पळवायची, चोरीसाठी वापरायची आणि मग मारून टाकायची, असा तो भयंकर प्रकार होता. सेशन्स कोर्टाने २००१ मध्ये दोघींना फाशी सुनावली, हायकोर्टाने २००४ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये ती कायम केली. तीन कोर्टं, पाच वर्षं. इथपर्यंत ठीक होतं. पुढे दयेचे अर्ज झाले आणि राष्ट्रपतींनी ते फेटाळले २०१४ मध्ये. मधल्या काळात कुणी नवा पुरावा तपासत नव्हतं, कुणाचा युक्तिवाद चालू नव्हता. फाइल नुसती इकडून तिकडे जात होती. दोघी हायकोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. गुन्हा किती क्रूर आहे याबद्दल कोर्टाला शंका नव्हती, पण उशीर सरकारी यंत्रणेचा आणि तो अक्षम्य, असं कोर्टाचं म्हणणं होतं. आता हा अर्ज निकाली काढायला हायकोर्टालाही सात वर्षांहून जास्त लागली, तेही लिहायला हवं. ज्या आईबापांची मुलं गेली, त्यांनी या सगळ्या तारखा कशा मोजल्या असतील?

म्हणजे ग्रुपवरचा राग अगदीच पोकळ नाही. पण दुसऱ्या एका खटल्यात वर्षं गेली ती वेगळ्या कारणाने. तो नाशिकचा आहे.

५ जून २००३ ची रात्र. नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. दरोडेखोरांनी रोकड आणि दागिने घेतले, पाच जणांना मारलं, बायकांवर अत्याचार केले. घरातली आई आणि एक मुलगा गंभीर जखमी होऊनही वाचले. थोड्या दिवसांनी पोलिसांनी सहा जणांना पकडलं. भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे लोक. जून २००६ मध्ये नाशिकच्या सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली.

सेशन्स कोर्ट फाशी सुनावतं, पण ती देता येत नाही. आरोपी अपिलात गेला नाही तरी खटला हायकोर्टाकडे जातोच. तिथे किमान दोन न्यायाधीश सगळा पुरावा नव्याने बघतात आणि त्यांनी शिक्कामोर्तब केल्यावरच पुढचं पाऊल. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. आरोपी सुप्रीम कोर्टात गेले आणि त्या तिघांनाही फाशीच हवी म्हणून सरकारही गेलं. ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने सरकारचं ऐकलं. सहाही जणांना फाशी.

जरा आकडे बघा. आधी सहा, मग तीन, मग पुन्हा सहा. पुरावा तोच, साक्षीदार तेच, आरोपी तेच.

सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये शिक्षा ठरवताना 'रावजी' नावाच्या जुन्या निकालाचा आधार घेतला होता. राजस्थानातल्या त्या खटल्यात असं म्हटलं होतं की शिक्षा ठरवताना गुन्हा किती भयानक होता एवढंच बघायचं, गुन्हेगार कोण, कसा, कुठल्या परिस्थितीतला, हे नाही. आणि १९८० चा बच्चनसिंग निकाल, ज्यातून 'दुर्मिळातले दुर्मिळ' हे शब्द आपल्या बोलण्यात आले, तो तर सांगतो की दोन्ही बघायचं! नाशिकच्या सहा जणांचा निकाल लागून तेराच दिवस झाले होते, तेव्हा सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठाने संतोष बारियार खटल्यात लिहिलं की रावजी निकाल चुकीचा होता. तेरा दिवस! पण या सहा जणांचा निकाल तर लागून गेला होता.

आणि रावजीचं काय झालं? सुप्रीम कोर्टाचा निकाल डिसेंबर १९९५ चा, फाशी मे १९९६ मध्ये. जेमतेम पाच महिने. ग्रुपवर ज्या स्पीडची मागणी होते ना, तो स्पीड हा. चूक झाली हे कोर्टाच्या लक्षात आलं २००९ मध्ये, म्हणजे त्याला फाशी देऊन तेरा वर्षं झाल्यावर.

नाशिकचे सहा जण तेव्हा जिवंत होते, एवढाच काय तो फरक. त्यांनी फेरविचार अर्ज केला, इंग्रजीत ज्याला रिव्ह्यू म्हणतात. २०१० मध्ये तोही फेटाळला गेला. कसा, तर न्यायाधीशांच्या दालनात. वकील उभा राहून बोलला, समोरच्याने उत्तर दिलं, असं काही नसायचं. अर्ज कागदावर द्यायचा आणि बहुतेक वेळा निकाल देणाऱ्याच न्यायाधीशांनी तो बंद दाराआड वाचून ठरवायचं. रिव्हॅल्युएशनला टाकलेला पेपर त्याच परीक्षकाकडे जावा आणि त्याने एकट्यानेच बघून 'नो चेंज' लिहावं, तसंच काहीसं. केटी लागली तर आपण पुढच्या सेमला पुन्हा बसतो. इथे पुढचा सेम नाही.

२०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या १३ कैद्यांची शिक्षा बदला, अशी मागणी होती. त्या १३ मध्ये हे सहा होते.

खरं दार उघडलं २ सप्टेंबर २०१४ ला, आणि तेही अशा माणसाच्या अर्जावर ज्याच्यासाठी कुणाच्याही मनात सहानुभूती असायचं कारण नाही. लाल किल्ल्यावरच्या २००० सालच्या हल्ल्यातला दोषी मोहम्मद आरिफ. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ठरवलं की फाशीच्या प्रकरणातला फेरविचार अर्ज खुल्या कोर्टात, तीन न्यायाधीशांसमोर ऐकला जाईल. तोंडी युक्तिवादासाठी जास्तीत जास्त अर्धा तास. कोर्टाचं लॉजिक सरळ होतं: तेच पुरावे बघून एक न्यायाधीश फाशी देतो आणि दुसरा जन्मठेप, आणि फाशी एकदा दिली की परत घेता येत नाही. मग शेवटचं अर्ध्या तासाचं बोलणं तरी ऐकून घ्या. आधी फेटाळलेले पण अजून फाशी न झालेले अर्जही यामुळे पुन्हा उघडता येणार होते. खुद्द आरिफला याचा उपयोग झाला नाही. त्याचा अर्ज खुल्या कोर्टात ऐकला गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये फेटाळला गेला. खुली सुनावणी म्हणजे सुटका, असं अजिबात नाही.

नाशिकच्या सहा जणांचा खटला मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये पुन्हा उघडला. तीन न्यायाधीशांनी सगळे कागद पहिल्यापासून वाचले आणि त्यात एक असा कागद होता, जो २००३ पासून तिथेच होता. वाचलेल्या आईला पोलिसांनी ७ जून २००३ ला, म्हणजे घटनेनंतर दोनच दिवसांत, गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने चार जण ओळखले. ते चौघं या सहा जणांपैकी नव्हते. त्यांच्यावर खटला चालला नाही, आणि का चालला नाही याचं पटेल असं उत्तर सरकारकडे नव्हतं. आणि नंतरच्या ओळख परेडमध्ये या सहा जणांना ओळखल्याचं दाखवून खटला उभा राहिला होता.

५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. शिक्षा कमी झाली असं नव्हे, निर्दोष. ज्या कोर्टाने दहा वर्षांपूर्वी सहाच्या सहा जणांना फाशी दिली होती, त्याच कोर्टाने लिहिलं की गरीब, भटक्या समाजातल्या माणसांना अशा गंभीर गुन्ह्यात खोटं गोवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. म्हणजे कायद्याने त्याला फाशी होऊच शकत नव्हती, आणि तरी ती झाली.

सोळा वर्षं तुरुंगात गेली, त्यातली बरीच फाशीच्या छायेत. मुलं बापाशिवाय मोठी झाली. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश कोर्टाने दिला. भागून बघा, वर्षाला एकतीस हजारांच्या आसपास.

२०२३ च्या अखेरीला देशात फाशीची शिक्षा झालेले ५६१ कैदी होते. खालच्या कोर्टांनी त्या एका वर्षात १२० जणांना फाशी सुनावली होती. यातले किती जण खरंच दोषी आहेत हे तुम्ही-आम्ही ग्रुपवर बसून सांगू शकत नाही, आणि नाशिकच्या खटल्यावरून दिसतं की पहिल्या, दुसऱ्या, कधीकधी तिसऱ्या कोर्टालाही ते सांगता येत नाही. कोल्हापूरच्या फायलीला लागला तो वेळ आणि २०१८-१९ मध्ये कागद पुन्हा वाचायला लागला तो वेळ, कॅलेंडरवर दोन्ही 'उशीर' म्हणूनच मोजले जातात. पहिला कमी करा म्हणून जरूर ओरडायला हवं. पण 'अपिलंच बंद करा' म्हणतो तेव्हा आपण दुसऱ्यावर कात्री चालवत असतो.

आणि झोपडीतून वाचलेली ती आई? दोन दिवसांत तिने चार फोटोंवर बोट ठेवलं होतं. त्या चौघांचा पुढे तपास करा आणि तो तेव्हा न करणारे पोलीस अधिकारी कोण होते ते शोधा, असा आदेश सुप्रीम कोर्टाने दिला तोपर्यंत २०१९ साल उजाडलं होतं.