गडाची वाट दरवर्षी पावसात मोडते, मग ती नीट कोण करतं?

जुलै 2024 मधला रायगडचा तो व्हिडिओ आठवतोय? पायऱ्यांवरून धबधब्यासारखं पाणी कोसळतंय आणि पर्यटक जीव मुठीत धरून मध्येच अडकलेत. आपण तो बघितला, फॉरवर्ड केला आणि विसरून गेलो. पण असं पाणी दर पावसाळ्यात सह्याद्रीतल्या शेकडो वाटांवरून जातं. त्या वाटांचं पुढे काय होतं?

त्या दुरुस्त कराव्या लागतात. विक्रोळी, घाटकोपर, मुलुंडहून शनिवारी रात्री कर्जत-कसारा लोकल पकडणाऱ्या ट्रेकर्समध्ये काही जण गड फिरायला नाही, तर श्रमदानाला चाललेले असतात. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर प्रतिष्ठान यांसारख्या संस्था अशा मोहिमा घेतात.

वाट मोडते कशी?

दोष पायांचा असतो, पण खरं नुकसान पाणी करतं. चिखल टाळायला आपण वाटेच्या कडेने चालतो. तिथलं गवत मरतं, मुळं सुटतात, माती उघडी पडते आणि पुढच्या सरीत वाहून जाते.

शॉर्टकट तर त्याहून वाईट. जुनी वाट नागमोडी असते, त्यामुळे पाण्याचा वेग कमी राहतो. सरळ उतरणारा शॉर्टकट म्हणजे पाण्यासाठी तयार पन्हळच. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ पडते.

उतारावरचं पाणी काय करू शकतं, हे विक्रोळीकरांना वेगळं सांगायला नको. 16 ऑगस्ट 2025 ला पार्कसाइटच्या डोंगरउतारावर दरड कोसळून दोघांचा जीव गेला. तिथे घरं आहेत, गडावर वाट आहे. पण पाण्याला वेळीच बाजूला काढायचं, हा नियम दोन्हीकडे एकच.

वर्षभराचं काम कसं चालतं?

पावसाळ्यात दगडकाम बंद असतं. पण पाणी नेमकं कुठून वाहतंय, हे तेव्हाच दिसतं. म्हणून पाहणी पावसात होते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत कमरेच्या वर गेलेलं असतं. आधी कोयत्याने वाट मोकळी करायची. थंडीत खरं काम सुरू होतं: पायऱ्यांवर साचलेली माती काढणं, घरंगळलेले दगड पहारीने हलवून पुन्हा बसवणं. एप्रिल-मेमध्ये ऊन्हामुळे काम पहाटे लवकर सुरू होतं. तेव्हा टाक्यांमधला गाळ निघतो आणि वाटेवर तिरपे चर खणले जातात, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता कडेला उतरतं. मृगाचा पाऊस यायच्या आत हे संपायला हवं. चर बुजलेला राहिला, तर थंडीत बसवलेले दगड पहिल्याच मोठ्या पावसात निखळतात.

सिमेंट टाकून विषय का संपवत नाहीत?

कारण नुसत्या दगडांच्या रचनेतून पाणी झिरपून जातं. सिमेंटच्या मागे ते अडतं, दाब वाढतो आणि अख्खा भाग ढासळू शकतो.

दुसरं कारण कायद्याचं. रायगड, लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, राजगड राज्याच्या. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे तिथे वनखातंही आलं. संरक्षित गडावर परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी.

मग आपण काय करायचं?

11 जुलै 2025 ला महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतला जिंजी असे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. आता गर्दी वाढणार आणि वाटांवरचा भारही.

त्यामुळे पुढच्या ट्रेकला तीन गोष्टी करा. चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चाला, बूट धुता येतात. शॉर्टकट घेऊ नका, पुढचा घेत असला तरी. आणि मुसळधार पावसाचा इशारा असेल, त्या दिवशी घरीच थांबा.

जमलं तर थंडीतला एक रविवार श्रमदानाला द्या. दिवसभर राबून जेमतेम काही पायऱ्या बसतात. एकदा स्वतः दगड उचललात, की पुन्हा शॉर्टकट घ्यायला पाय धजावणार नाहीत.