धुळीत हरवणारे आयन

नागपूरजवळच्या कन्हानच्या हवेचा विषय निघाला की कोळसा खाणींची धूळ आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख यांच्यापलीकडे बोलणे सहसा जात नाही. मात्र जमिनीलगतच्या कोणत्याही हवेत, मातीतून झिरपणारा रेडॉन वायू आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण यांच्यामुळे, दर घनसेंटीमीटरमध्ये दर सेकंदाला सुमारे १० आयनजोड्या जन्माला येत असतात. रेणूतून इलेक्ट्रॉन निसटला की मागे धन आयन उरतो, तर तो इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूला चिकटून ऋण आयन घडवतो, आणि हे दोन विरुद्ध भार पुन्हा एकत्र येऊन नाहीसे होण्याच्या क्रियेला पुनर्संयोग म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ थॉमसन आणि रदरफोर्ड यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले, की या क्रियेचा वेग धन व ऋण आयनांच्या संख्यांच्या गुणाकारावर ठरतो. त्या हिशेबाने अगदी स्वच्छ हवेत घनसेंटीमीटरमागे प्रत्येक भाराचे अडीच हजारांच्या आसपास आयन टिकावेत आणि एका आयनाचे सरासरी आयुष्य सुमारे ४ मिनिटे भरावे. धुळीच्या हवेत एवढी मुदत मिळत नाही, कारण आयन धूलिकणांना चिकटून जड व मंद होतात.

आयनांची हीच घट धूरशोधकाने कामाला लावली आहे. त्यातील अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याच्या अल्फा कणांमुळे हवेतून अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह वाहतो, आणि धूर शिरला की आयन धूरकणांवर अडकून तो प्रवाह घटतो. धूर आणि कोळशाची धूळ यांतला फरक मात्र या उपकरणाला कळत नाही. त्यामुळे जिथे कोळसा आपोआप पेटण्याची धास्ती असते, नेमक्या त्याच जागी ते खोटी हाकाटी करण्याचा संभव असतो.

रासायनिक तपासणीत खरी कमाल केली ती जेम्स लव्हलॉक यांच्या १९५७ च्या इलेक्ट्रॉन ग्राहक शोधकाने. कन्हान नदीचे पाणी नागपूरला जाते आणि भोवताली कापूस व धानाची शेती आहे, तेव्हा पाण्यात डीडीटी किंवा एंडोसल्फानचा अंश आहे काय, हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी नाही. पाण्यातून वेगळे काढलेले असे अंश वाफेच्या रूपात नायट्रोजनच्या प्रवाहाबरोबर एका लांबलचक बारीक नळीतून जाऊन शोधकात पोहोचतात. तिथे निकेल-६३ मधून निघणाऱ्या बीटा कणांनी मोकळे इलेक्ट्रॉन तयार झालेले असतात. ते इतके चपळ असतात की धन आयनांशी गाठ पडण्याआधीच विद्युदग्र गाठतात. क्लोरीनयुक्त रेणूने इलेक्ट्रॉन गिळला, की त्याचा मंद ऋण आयन होतो, वाटेतच धन आयनाशी त्याचा पुनर्संयोग होतो आणि प्रवाह खाली येतो. ग्रॅमच्या एक लक्ष कोट्यंशाइतकी मात्राही त्यातून हाती लागते. पदार्थ कोणता, हे शोधक सांगत नाही. ते नळीतून बाहेर पडायला लागलेल्या वेळेवरून ताडावे लागते. ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन पकडत असल्यामुळे नायट्रोजन कमालीचा शुद्ध लागतो, म्हणजे हवेत उमगलेल्या पुनर्संयोगाच्या नियमावर चालणाऱ्या उपकरणात हवेलाच मज्जाव आहे.