आधी अ‍ॅक्सल, मग पातं

पिकअप ट्रकला पुढे स्नोप्लाऊ लावायचा ठरला की जो तो आधी पातं बघायला धावतो. विक्रेत्याच्या आवारात पिवळी, लाल, काळी पाती ओळीने उभी असतात आणि त्यांतलं सगळ्यांत रुंद, सगळ्यांत उंच पातं डोळ्यांत भरतं. मी न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजच्या उत्तरेला राहतो. घरापर्यंतचा खडीचा रस्ता हिवाळाभर स्वतः साफ करतो. नव्याने या भागात घर घेतलेल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांबरोबर या आवारांतून हिंडलोही आहे. त्यातून माझं ठाम मत झालंय, की पातं सगळ्यांत शेवटी निवडायचं. आधी गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल बघायचा, मग जमीन, मग बर्फ ढकलून ठेवणार कुठे ती जागा. एवढं कळलं की निवडायला फारसं काही उरत नाही.

आमच्याकडे बर्फ येतो तो लेक ऑन्टॅरिओवरून. कॅनडाकडून आलेली कोरडी, गार हवा सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून सरकते, वाफ उचलते आणि किनारा ओलांडला की अरुंद पट्ट्यांत ती सगळी खाली टाकते. एका गावात सूर्य तळपत असतो आणि दहा मैलांवर समोरची गाडी दिसत नाही. पश्चिमेकडचं लेक ईरी उथळ आहे. ते बऱ्याच हिवाळ्यांत गोठतं आणि मग तिथला जोर ओसरतो. ऑन्टॅरिओ खोल असल्यामुळे सहसा पुरतं गोठत नाही, त्यामुळे आमचा हंगाम लांबत जातो. सिरॅक्यूज विमानतळावर १९९२-९३च्या हिवाळ्यात १९२.१ इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे १६ फूट. सरोवराच्या पूर्वेला टग हिलचं पठार आहे. तिथल्या रेडफील्ड गावात फेब्रुवारी २००७मध्ये साधारण दहा दिवसांत १४१ इंच पडला होता.

हे आकडे उंचीचे आहेत. पात्याला उंचीइतकंच वजनाशीही देणंघेणं असतं. समजा ड्राइव्हवे ६० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे आणि त्यावर फूटभर बर्फ साचलाय. हा सुमारे ७२ घनमीटर ढीग झाला. जानेवारीतला भुसभुशीत, पिसासारखा बर्फ घनमीटरला ६० किलो धरला, तर चार टनांहून थोडा जास्त. मार्चमधला ओला, चिकट बर्फ २०० किलोचा धरला, तर तोच ढीग चौदा टनांच्या पुढे जातो. पातं घ्यायचं ते या मार्चसाठी.

आता गाडी. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. त्यावर गाडीचं एकूण कमाल वजन दिलेलं असतं आणि पुढचा व मागचा अ‍ॅक्सल किती भार पेलतो हेही वेगवेगळं लिहिलेलं असतं. बहुतेकांनी तो स्टिकर फक्त टायरमधल्या हवेसाठी वाचलेला असतो. स्नोप्लाऊच्या बाबतीत त्याच्याइतका महत्त्वाचा कागद दुसरा नाही.

कारण पातं गाडीत ठेवलेलं नसतं, ते पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेलं असतं. समजा पातं, त्याची चौकट आणि पंप मिळून ७५० पौंड आहेत, त्यांचा भार पुढच्या अ‍ॅक्सलच्या चार फूट पुढे पडतोय आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १२ फूट आहे. तर पुढच्या अ‍ॅक्सलवर ७५० नव्हे, पूर्ण १,००० पौंड वाढतात आणि मागचा अ‍ॅक्सल २५० पौंडांनी हलका होतो. मागची चाकं हलकी झाली की बर्फात ती नुसती फिरतात आणि ब्रेक दाबल्यावर गाडीचा मागचा भाग आडवा जाऊ पाहतो. म्हणून मागे वजन ठेवायचं, तेही मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीमागे, फाळक्याला लागून. तिथे, अ‍ॅक्सलपासून चार फुटांवर, वाळूची ६०० पौंडांची पोती बांधली तर मागे ८०० पौंड वाढतात आणि पुढचे २०० उतरतात. हीच पोती केबिनच्या पाठीला टेकवून ठेवली तर पुढचा अ‍ॅक्सल मुळीच हलका होत नाही. उलट थोडा भार त्याच्याकडेच जातो. पोती घट्ट बांधायलाच हवीत. गाडी कशाला धडकली, तर सुटं पोतं केबिनची काच फोडून आत येतं.

हे गणित कागदावर करून थांबू नका. हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो आणि तो प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं देतो. टाकी भरून, नेहमीची माणसं बसवून गाडी तिथे उभी करा. माझ्या पेट्रोल इंजिनाच्या थ्री-क्वार्टर टन गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल ४,१५० पौंड भरला, आणि स्टिकरवर मर्यादा ५,६०० होती. १,००० मिळवले तरी अंतर राहत होतं. डिझेल इंजिन याहून काहीशे पौंड जड असतं आणि ते वजन नेमकं पुढच्या अ‍ॅक्सलवरच बसतं. त्यामुळे ताकदवान म्हणून डिझेल गाडी घेणाऱ्याला कधीकधी पेट्रोल गाडीपेक्षा हलकं पातं लावावं लागतं. हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही. हाफ टन, म्हणजे त्याहून हलक्या वर्गातल्या, गाड्यांसाठी साडेचारशे-पाचशे पौंडांच्या आसपासची हलकी पाती मिळतात. घरापुरत्या कामाला ती उत्तम. फक्त त्याच गाडीवर आठशे पौंडांचं पातं चढवायचा मोह टाळायचा. त्याची किंमत बॉल जॉइंट, स्प्रिंगा आणि पुढच्या अ‍ॅक्सलची बेअरिंगं मोजतात. गाडी नवी घेणार असाल, तर मागणी नोंदवतानाच कारखान्याचं स्नोप्लाऊ पॅकेज मागा. त्यात जास्त कडक स्प्रिंगा मिळतात, अनेकदा मोठा अल्टरनेटरही.

जमिनीचं महत्त्व मला एका जुन्या फिटरच्या आवारात नीट पटलं. गाडी कुठली हे त्याने नंतर विचारलं. त्याचा पहिला प्रश्न होता, “डांबर आहे, काँक्रीट आहे की खडी?” दुसरा प्रश्न, “जमिनीतून वर आलेलं काय काय आहे? मॅनहोल, झाडाची मुळं, फरशीची कड?” मग त्याने आवारात एक लाकडी ओंडका जमिनीला घट्ट ठोकला आणि एकाच रुंदीची दोन पाती लावलेल्या दोन गाड्या एकामागून एक त्यावर हळू नेल्या.

पहिल्या गाडीचं पातं सबंध झुकणारं होतं. ओंडका लागताच अख्खं पातं पुढे वाकलं, स्प्रिंगा ताणल्या गेल्या, पातं ओंडक्यावरून गेलं आणि धाडकन पुन्हा सरळ झालं. समोर बर्फ असता तर तो या झुकण्यात पात्यावरून पुढे सांडला असता. दुसऱ्या गाडीच्या पात्याला खालची फक्त वीतभर पट्टी बिजागरीवर होती. ओंडका लागला तेव्हा ती पट्टी तेवढी मागे दुमडली. वरचं पातं ताठ उभं राहिलं आणि पुढचा बर्फ जागचा हलला नसता. याला ट्रिप एज म्हणतात, पहिल्याला फुल ट्रिप. मेन राज्यातल्या रॉकलंडची फिशर कंपनी ट्रिप एजसाठी ओळखली जाते, तर विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या वेस्टर्नची अनेक पाती फुल ट्रिप आहेत. गंमत अशी की आज या दोन्ही कंपन्या डग्लस डायनॅमिक्स या एकाच उद्योगसमूहाच्या आहेत. पट्टीपेक्षा उंच काही आडवं आलं, तर ट्रिप एजपेक्षा फुल ट्रिप बरं, कारण ते वरपर्यंत झुकतं. बुटक्या अडथळ्यांच्या आणि खाचखळग्यांच्या रस्त्यावर, जिथे बर्फ सांडू द्यायचा नाही, तिथे ट्रिप एज. आमचा रस्ता दुसऱ्या जातीचा.

खडीच्या रस्त्याला आणखी एक गोष्ट लागते: पात्याखालचे लोखंडी बूट. ते अर्धा-पाऊण इंच खाली सोडले की पातं जमिनीला न खरवडता वरून जातं. हंगामातला पहिला बर्फ पडतो तेव्हा जमीन गोठलेली नसते. तेव्हा पातं टेकवून चालवलं, तर एप्रिलमध्ये सगळी खडी हिरवळीतून वेचत बसावं लागतं. त्यापेक्षा पहिला पातळ थर चाकांखाली दाबून घट्ट होऊ द्यावा. तो गोठला की त्यावरून हिवाळाभर निर्धास्त चालवता येतं.

पात्याच्या आकाराबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. मला त्यात फार वेळ घालवावासा वाटत नाही. सरळ पातं स्वस्त, हलकं आणि कमी बिघडणारं. मधोमध बिजागरी असलेलं व्ही पातं साचलेल्या, टणक ढिगात नाकासारखं घुसतं आणि उलटं वळवलं की बर्फ ओंजळीत धरून नेतं. पण ते दीडेकशे पौंड जड असतं आणि त्याला हायड्रॉलिक नळ्याही जास्त. दोन्ही कडांना पंख असलेली, रुंद होणारी पाती मोठ्या पार्किंगच्या कंत्राटदारांसाठी. पोलाद की पॉली, म्हणजे प्लास्टिक, हा वाद तर त्याहून लहान. पॉलीला बर्फ कमी चिकटतो, पोलाद पुढे वेल्डिंग करून दुरुस्त होतं. पात्याच्या वळणाकडे मात्र जरूर बघा. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा जसा मातीचं ढेकूळ उचलून कुशीवर टाकतो, तसंच चांगलं पातं बर्फ गुंडाळत बाजूला नेतं.

रुंदी मोजून घ्या, आणि तीही पातं वळवल्यावरची. पातं ३० अंशांत तिरपं केलं की ७.५ फुटांचं पातं समोरून ६.५ फूटच उरतं आणि ८ फुटांचं जेमतेम ७ फूट. माझ्या गाडीच्या टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर साडेसहा फुटांच्या किंचित वर आहे. साडेसात फुटी पातं तिरपं असताना टायर न साफ केलेल्या बर्फावरून गेले असते आणि तो दाबून दगड केला असता. म्हणून ८ फूट घेतलं.

बसवताना मी शेजारी उभा होतो. फिटरने आधी चारही चाकांवरच्या कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून फळ्यावर लिहिली. चॅसीला कंस बोल्टने आवळले, टॉर्क रेंचने एकेक तपासला. वायरींचा जुडगा इंजिनाजवळून केबिनमध्ये नेला आणि प्रत्येक जोडावर डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. मिठाचं पाणी आधी शिरतं ते याच जोडांत, आणि भर रात्री पातं खाली जायचं नाही ते बहुधा यामुळेच. उचलणारा पंप बॅटरीवर चालतो आणि क्षणभर प्रचंड प्रवाह ओढतो. म्हणून त्याने बॅटरीवर भार टाकून तीही तपासली. उचललेल्या पात्याने गाडीचे दिवे झाकले जातात, त्यासाठी पात्याचे वेगळे दिवे वर बसवले आणि भिंतीवर रोख धरून त्यांचा कोन लावला. शेवटी पुन्हा कमानी मोजल्या. पुढची बाजू जितकी बसली होती, त्या अंदाजाने मागची पोती चढवली आणि परत मोजलं. घाई त्याच्या कुठल्याच हालचालीत नव्हती.

जुनं पातं घेणाऱ्यांसाठी एक इशारा. पातं स्वस्तात मिळतं, पण चॅसीचे कंस आणि वायरिंग त्या-त्या गाडीच्या मॉडेलसाठीच असतात. दुसऱ्या गाडीवरून उतरवलेलं पातं आपल्या गाडीला लावायचं तर हे सगळं नवं घ्यावं लागतं, आणि बचतीचा मोठा भाग तिथेच जातो.

बर्फ कुठे ठेवणार, हा प्रश्न पात्याबरोबर विकला जात नाही, म्हणून तो नोव्हेंबरमध्ये, जमीन मोकळी असतानाच सोडवावा. आमच्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेचा. पश्चिमेच्या कडेला ढीग रचला की त्याच्या आडोशाला उडता बर्फ साचतो, नेमका रस्त्यावर. ढीग पूर्वेला, उताराच्या खालच्या अंगाला, सेप्टिक टाकीचं पाणी मुरण्याची जागा, विहिरीचं तोंड आणि हायड्रंट सोडून. उताराच्या वर ठेवला तर दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावर येतं आणि रात्री काच होऊन बसतं. सुरुवातीच्या बर्फात रस्त्याच्या दोन्ही कडा लागतात त्याहून रुंद साफ कराव्यात. कडेचे ढीग गोठले की ते पुढे ढकलता येत नाहीत आणि फेब्रुवारीपर्यंत रस्ता अरुंद होत जातो. जमीन गोठण्याआधी कडेने खुणेच्या काठ्या रोवाव्यात. आपला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे ढकलणं आमच्या राज्यात बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. त्या ढिगावर रात्री कुणाची तरी गाडी घसरते.

गॅरेजच्या दारासमोरचा बर्फ पुढे ढकलता येत नाही. दाराला लागून पातं टेकवायचं आणि उलटं येत तो ओढायचा. इथे पात्याचं वजन कामाला येतं, हलकं पातं बर्फावरून नुसतं तरंगत येतं. पुढे-मागे करताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय गिअर बदलायचा नाही. या कामात ट्रान्समिशन जातात ती बर्फाच्या वजनाने कमी, अधीरपणाने जास्त. बर्फ ढकलताना ताशी १४ मैलांच्या आत आणि पातं लावून रस्त्यावर ताशी ४५ मैलांच्या आत, असं वेस्टर्नच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. ते पाळा.

मी शेवटी घेतलं ते ८ फुटांचं, सरळ, पोलादी, ट्रिप एजचं पातं. खडीसाठी बूट आणि मागे सहाशे पौंड वाळू. तुम्ही या पट्ट्यात घर घेतलं असेल आणि दारात पिकअप असेल, तर ऑगस्टमध्येच कामाला लागा. पहिला बर्फ पडल्यावर प्रत्येक फिटरच्या दारात रांग असते. जाताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो, वजनकाट्याची पावती आणि ड्राइव्हवेचा हाताने काढलेला नकाशा बरोबर न्या. हे तीन कागद न बघता जो विक्रेता तुम्हाला पातं दाखवायला नेईल, त्याच्याकडून घेऊ नका.